मचानावरचा आरोपी

मी शिकारी नाही. आमच्या घराण्यात कोणी शिकारी नव्हतं. घरात उंदीर निघाला तर त्याला पिंजऱ्यात धरून नाल्यापलीकडे सोडून येणारी माणसं आम्ही. तुमसरला आमचं कापडाचं दुकान आहे आणि कैचीपेक्षा धारदार वस्तू मी आयुष्यात हातात धरलेली नाही. हे सगळं मी वनखात्याला तोंडी सांगितलं, लेखी सांगितलं, ओरडून सांगितलं. तरी सरकारदरबारी मी 'संशयित शिकारी' होतो. पुढे तो संशय फिटला, आणि राजेहो, तेच सगळ्यात वाईट झालं! पण मी भलत्याच टोकाकडून सुरू करून राहिलो. राग आला की माझं असंच होतं, आणि हल्ली तो जातच नाही.

सगळ्याचं मूळ म्हणजे बायकोचं शेत. करुणाच्या वडलांनी, म्हणजे आमच्या मामाजींनी, श्यामरावांनी, आंबागडच्या किल्ल्याखालचं धानाचं शेत तिच्या नावानं ठेवलं होतं. ठेवलं होतं म्हणजे बोलून ठेवलं होतं, कागद झाला नव्हता. गेली दोन वर्षं त्या शेतातला धान रानडुकरांनी खाल्ला. आम्ही पेरायचा, निंदायचा, आणि लोंब्या भरल्या की कळप उतरायचा. यंदा पोळ्याच्या दिवशी घरभर पाहुणे बसलेले असताना मामाजींनी सुपारी कातरता कातरता जाहीर केलं, "यंदा धान घरात आला तं शेत करुणाचं. यंदाही डुकराईनंच खाल्ला तं मोतीलालले देऊन टाकतो. त्याचं शेत लागूनच आहे, थो सांभाळन."

मोतीलाल म्हणजे करुणाचा चुलतभाऊ. कमी बोलतो, हसतमुख असतो, कोणाचं वाईट चिंतत नाही. असा माणूस माझ्या डोक्यात जातो. तो तेव्हाही नुसता हसला.

परतताना गाडीत करुणा एवढंच म्हणाली, "अजी, माह्यं शेत जाऊ देऊ नका." लग्न झाल्यापासून या बाईनं माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही, जे पाहिजे ते सरळ घेतलं आहे. त्यामुळे मागितल्याबरोबर मला घामच फुटला.

तारेत करंट सोडणं हा गुन्हा आहे, आणि मी कायदा पाळणारा माणूस आहे, होतो. फटाके फोडले तर डुकरं चार दिवस दबकतात आणि पाचव्या दिवशी आवाज ऐकूनच येतात. तेव्हा मचान बांधायचं ठरवलं. संध्याकाळी आपण बसायचं, पुढं रखवालदार ठेवायचा, डबा वाजवायचा, हाकारा द्यायचा. साधी गोष्ट.

आपल्याकडे साधी गोष्ट साधी राहू देत नाहीत. मी मचान घेतोय हे कळताच आमची गल्ली पेटून उठली. ज्यांनी आयुष्यात पंखा पुसायलासुद्धा स्टुलावर पाय ठेवला नाही, ते मला झाडावर किती उंच बसावं ते सांगू लागले. बांबूचं घेऊ नका, करकरतं. लोखंडी घेऊ नका, वीज पडते. शिडीवालं घेऊ नका, शिडी चोरीला जाते आणि मग तुम्ही वरच. बिनशिडीचं घेऊ नका, तुमचं वय काय! चार खांबांवरचं असेल तर हवेचा वास चारी बाजूंनी जातो आणि डुकराला माणूस समजतो. झाडावरचं असेल तर मुंग्या. शेजारच्या सुमित्राबाई दारात पदर खोचून म्हणाल्या, "हेमराजभाऊ, मचान कोन्तंही घ्या, पन खालून पडदा लावा. लोकाईच्या सुना रस्त्यानं जातेत." मी विचारलं, पडद्याचा आणि डुकराचा संबंध काय? तर म्हणे, "डुकराचं नाही म्हनत मी, तुमचं म्हनते."

शेवटी निवड केली माझ्या साडूनं. प्रफुल्ल चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत ऑफिसात कामाला आहे. खाणीत तो उतरत नाही, पण खाली कसं उतरावं यावर दोन तास बोलू शकतो. त्यानं मोबाइल काढला, डोळे बारीक केले, आणि लोखंडी शिड्यांची, खुर्च्यांची, पट्ट्यांची अशी काही चित्रं दाखवली की मी चक्रावलो. एक झाडाला बांधायचं, एक शिडीसकट उभं करायचं, एक असं की ज्याच्यासकट माणूसच इंच इंच वर सरकतो. "हे तिसरं तं सर्कशीवाल्याईचं होय," तो म्हणाला. "तुम्हाले हे घ्या. खुर्ची आहे, पाय ठेवायले पाटी आहे, पट्टा आहे. अन् पाहा, इथं लिवलंच आहे, नवशिक्यांसाठी उत्तम."

नवशिक्या कशाचा, हे त्या गाढवानं वाचलं नाही. पूर्ण ओळ अशी होती की धनुष्यबाणानं शिकार करायला नुकतीच सुरुवात केलेल्या माणसानं हेच मचान निवडावं. पण आमच्या साडूला 'नवशिक्या' दिसला आणि माझा चेहरा आठवला, झालं.

खोकं आलं. खोक्यावर भलंमोठं रंगीत चित्र, पानापानांचे कपडे घातलेला एक गोरा माणूस झाडावर बसून धनुष्य ताणतोय आणि खाली एक हरीण निवांत उभं आहे. मला ते दिसलं होतं. पण तेलाच्या डब्यावर बाईचं चित्र असतं म्हणून आपण डब्यात बाई शोधतो का? मी म्हटलं, छापतात काहीही.

एका रविवारी आम्ही दोघं साडू आंबागडला गेलो. शेताच्या कडेला मोहाचं जुनं झाड आहे. प्रफुल्लनं पाहिजे त्या वेळी पाहिजे तो पाना न सापडता, पण तोंड एक मिनिटही बंद न ठेवता, ते मचान झाडाला बांधलं. मग म्हणाला, "आधी सेफ्टी! आमच्या खाणीत पट्ट्याशिवाय कोनी हलत नाही." आणि मला खांद्यातून, काखेतून, मांड्यांतून असा आवळला की मी धड उभाही राहू शकेना. मी शिडी चढलो. वर खुर्चीला हात लावला. तेवढ्यात शिडीचा खालचा तुकडा, जो यानं उलटा बसवला होता, निघून खालच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पडला. पट्टा मात्र भक्कम निघाला. मी दोरीवर वाळत घातलेल्या पायजम्यासारखा झाडाला लटकलो आणि हळूहळू गोल फिरू लागलो.

धानात काम करणारी माणसं जमली. कोणी हसलं नाही, हे मी कबूल करतो. ते नंतर हसले, गावभर. प्रफुल्ल शिडी जोडायला पाना शोधत होता, आणि नेमका त्याच वेळी सायकल धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, टेकवून बीटगार्ड हिरालाल आला. वनखात्याची माणसं डुकरांनी धान खाल्ला की पंचनाम्याला महिनाभर सापडत नाहीत, पण एक माणूस झाडाला लटकला की लगेच हजर! त्यानं खोकं उचललं.

"हे काय होय?"

"खोकं," मी वरून म्हणालो. मी तेव्हा त्याच्याकडे पाठ करून होतो, फिरून समोर यायला थोडा वेळ होता.

"अन् खोक्यावर?"

"माणूस."

"अन् मानसाच्या हातात काय आहे, शेठ?"

मी समोर आलो तेव्हा त्याचा चेहरा असा उजळलेला होता, जणू बढतीच मिळाली. मी सांगितलं की हे डुकरं हाकलायचं मचान आहे. तो म्हणाला, "डुकरं हाकलायचं मचान आमी लहानपनापासून पाह्यतो. त्याले खुर्ची नसते, पट्टे नसतेत, अन् खोकं तं नसतेच नसते." त्यानं तिथंच पंचनामा केला. मी लटकलेला असतानाच. मचान जागेवर जप्त, लाखेचं सील. पंच म्हणून सही कोणी केली? मोतीलालनं! धुऱ्यावरून सावकाश आला, हसत हसत सही केली, आणि मला म्हणाला, "उतरा जवाई, ऊन लागन."

दुसऱ्या दिवशी मी वनखात्याच्या रेंज ऑफिसात गेलो. साहेबांनी खोकं टेबलावर असं ठेवलं होतं की चित्रातला माणूस माझ्यावरच नेम धरून होता.

"धनुष्य जमा करा," साहेब म्हणाले.

"माझ्याकडे धनुष्य नाही."

"लपवलं म्हणजे."

"नव्हतंच कधी!"

"हेमराजजी, चपला नसताना कोणी चपलांचं स्टँड विकत घेतं का? धनुष्य नसताना धनुष्यवाल्याचं मचान कशाला घेतलं? धनुष्य जमा होईपर्यंत फाईल उघडी राहील. आणि तुम्ही संधी साधू नये म्हणून आमची माणसं तिथं पहारा देतील."

आता मला सांगा, नसलेली वस्तू माणूस जमा कशी करेल? असलेली वस्तू नाही म्हणून सिद्ध करता येते, आपले अर्धे व्यापारी तेच करतात. पण नसलेली? मी टेबलावर हात आपटला. हात दुखला. साहेबांनी शांतपणे घंटी वाजवून माझ्यासाठी पाणी मागवलं. पाणी दिलं की सरकारचं माणसाशी भांडण संपतं, असा त्यांचा समज असावा.

तर हिरालाल आणि त्याच्या जोडीचा गार्ड माझ्याच शेतात पहारा देऊ लागले. कुठं बसून? माझ्याच मचानावर! स्वतः लावलेलं सील स्वतः फोडलं आणि आळीपाळीनं खुर्चीत बसू लागले. एक वर, एक खाली. मोबाइलवर फुल्ल आवाजात गाणी. बिड्या. पत्त्यांवरून भांडणं. खालचा वरच्याला विचारणार, "दिसून राह्यला का शेठ?" आणि वरचा बोंब मारून सांगणार, "नाही नं बे!" सगळं आंबागड रोज संध्याकाळपासून उजाडेपर्यंत हे ऐकत होतं.

इकडे तुमसरात माझी इज्जत बाजारात बसली होती. दुकानात गिऱ्हाईक यायचं, लट्ठा पाहायचं, आजूबाजूला बघायचं आणि हळूच विचारायचं, "शेठ, ससा भेटन काय?" एका रिटायर मास्तरांनी, ज्यांच्या पाया मी लहानपणी पडलो आहे, तितराची ऑर्डर दिली. मी म्हटलं, मास्तर, लाज वाटते का? तर म्हणे, "जोडी असन तं जोडी दे." सुमित्राबाई दिसताच पोरांना घरात घेऊ लागल्या. लेकहो, मी काय वाघ आहे?

करुणा मात्र दर दोन दिवसांनी आंबागडला जाऊन खुशीत परत येत होती. "धान असा उभा आहे म्हनता! एक लोंबी तुटली नाही. सोन्यासारखा पिवळा होऊन राह्यला."

"धानाचं सोड," मी ओरडलो, "माझ्या इज्जतीचं बोल!"

"इज्जत दिवाळीनंतर पाहू नं जी. कापनीपर्यंत चूप राहा. बसून राहू द्या त्याईले."

ऐकलं? बायको नवऱ्याला सांगते की कापणीपर्यंत गुन्हेगार राहा! मी त्या दिवशी जेवलो नाही. म्हणजे घरी जेवलो नाही. आणि तुम्हाला सांगतो, आजही मला विचाराल तर मी चुकलो नव्हतो. माणसाला नाव असतं की नाही?

म्हणून मी धनुष्य पैदा करायचं ठरवलं. सरकारला धनुष्य पाहिजे, घ्या. आंबागडला दसऱ्याला राम होणारा श्रावण एरवी रस्त्याकाठी पंक्चर जोडतो. त्याच्याकडे बांबूची कमची वाकवून, सोनेरी कागद चिकटवून केलेलं धनुष्य होतं. दोन दिवसांसाठी दे म्हटलं. "दसऱ्याच्या आंधी पायजे बरं का शेठ," तो म्हणाला, "रावण जाळाचा आहे." मी शब्द दिला.

ते धनुष्य घेऊन मी तुमसरातून रेंज ऑफिसपर्यंत पायी गेलो, कारण स्कूटरवर ते मावेना. रस्त्यात लोकांनी नमस्कार केले ते वेगळंच.

साहेबांनी धनुष्य हातात घेतलं. उलटंसुलटं केलं. बोटाला सोनेरी रंग लागला तो रुमालाला पुसला. "हे तुमचं शिकारीचं धनुष्य?"

"हो," मी मान वर करून म्हणालो.

"चालवून दाखवा."

ऑफिसची सगळी माणसं दारात जमली. मी बाण लावला, जीव खाऊन ओढला, सोडला. बाण टेबल ओलांडू शकला नाही. साहेबांच्या चहाच्या कपात उभा राहिला. मग साहेब असे हसले की त्यांना ठसका लागला, आणि या खेपेलाही माझ्यासाठी आणलेलं पाणी त्यांनाच द्यावं लागलं.

"हिरालाल," डोळे पुसत ते म्हणाले, "या गृहस्थांपासून कोणत्याही वन्यप्राण्याला धोका नाही, असं लिही. पहारा उठव. फाईल बंद."

मी निर्दोष सुटलो. असा अपमान झाला की वर्णन करता येत नाही, पण सुटलो. धनुष्य मात्र त्यांनी मुद्देमाल म्हणून ठेवून घेतलं. सुटलेल्या माणसाचा मुद्देमाल कशाला, असं विचारलं तर म्हणाले, नियम आहे, अर्ज करा.

दसऱ्याला आंबागडचा राम रिकाम्या हातानं उभा राहिला. श्रावणनं हवेतच धनुष्य ओढल्याचं सोंग केलं, पोरं खिदळली, आणि शेवटी सरपंचानं काडीपेटीनं रावण पेटवला. त्या संध्याकाळी गावात सोनं लुटलं, सगळ्यांनी सगळ्यांना आपट्याची पानं दिली, गळाभेटी झाल्या. माझ्या हातावर कोणी एक पान ठेवलं नाही. एकट्या मोतीलालनं दिलं, हसत हसत. त्याच्याकडूनच नको होतं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली. पहारा उठला होता. गाणी नाहीत, बिड्या नाहीत, बोंबाबोंब नाही. कळप शेतात शिरला आणि सडकेकडची आख्खी बांधी लोळवून गेला.

करुणा त्या बांधीच्या पारीवर, कडेच्या मातीच्या बांधावर, उभी होती. लोंब्या चिखलात तुडवलेल्या, धान उलथून टाकलेला. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती माझ्याकडे वळली आणि एवढ्या मोठ्यानं बोलली की शेजारच्या शेतातली माणसं विळे थांबवून पाहू लागली. "काहून सुटले तुम्ही? कोनं सांगतलं होतं सुटायले? येवढे दिवस फुकटात सरकार राखन करून राह्यलं होतं, अन् तुम्हाले इज्जत सुचली! आता जाते माह्यं शेत. बसा इज्जत घेऊन."

उरलेल्या बांध्या पिवळ्याधमक उभ्या होत्या, कापणीला थोडाच अवकाश होता, आणि कळपाला आता रस्ता माहीत झाला होता.

मी तसाच चिखलाच्या पायानं रेंज ऑफिसात गेलो. "साहेब, मी शिकारी आहे. लिहून घ्या. पहारा लावा."

साहेबांनी उठून खुर्ची दिली. "अहो, बसा, हेमराजजी. चहा घ्या. तुम्ही आणि शिकारी?"

"चितळ मारलं मी! ससे मारले! तितरांची ऑर्डर आहे माझ्याकडे, मास्तरांना विचारा!"

"तुमच्यासारख्या सज्जन माणसावर आम्ही संशय घेतला, याचंच आम्हाला वाईट वाटतं," साहेब म्हणाले, आणि खरंच त्यांच्या डोळ्यांत ते दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा एका सरकारी अधिकाऱ्यानं मला मान दिला, आणि तो कधी दिला बघा! बाहेर हिरालालला धरलं. हात जोडले. तो म्हणाला, "शेठ, तिथं आरोपीच नाही तं ड्युटी कायची? तुम्ही काही नवा गुन्हा करा, मंग पाहू."

ठीक आहे, म्हटलं. नवा गुन्हा.

प्रफुल्लला दूर ठेवून मी गार्डांनी कशीबशी टेकवलेली ती शिडी माझ्या हातानं नीट बसवली, पट्टा बांधला आणि मचानावर चढलो. सरकारी नोकराला कामावर असताना शिवीगाळ करणं हा गुन्हा आहे, हे मी वकिलाला विचारून घेतलं होतं. जंगलाकडे जाणारी हिरालालची वाट शेताला लागूनच जाते. मी सुरुवात केली. हिरालालपासून साहेबांपर्यंत, साहेबांपासून खात्यापर्यंत. पहिल्या दिवशी त्यानं खालून हात हलवला. "बसा बसा शेठ, हवा चांगली आहे वर." दुसऱ्या दिवसापासून त्यानं वाटच बदलली.

म्हणून मी थांबलो? उलट मला जास्त राग आला. मी साडूला शिव्या दिल्या, खोकं बनवणाऱ्या कंपनीला दिल्या, मास्तरांना, गल्लीला, मोतीलालच्या हसण्याला दिल्या. डबा बडवत दिल्या. घसा बसायचा, करुणा डबा आणि गरम पाणी घेऊन यायची, पाणी प्यायचं आणि पुन्हा सुरू. दिवसा थोडं तिथंच पट्ट्यात डुलकत होतो. दुकान बंद. मला पकडायला कोणी येत नव्हतं, ही एकच गोष्ट मला दिसत होती.

एका सकाळी खाली माणसं दिसली. मामाजी काठी टेकत धुऱ्यावर उभे होते, मागे मोतीलाल. मामाजींनी लोळलेली बांधी पाहिली. मग बाकीच्या बांध्यांतून सावकाश फिरले, लोंब्या हातात घेऊन पाहिल्या, एका लोंबीचे दाणे तळहातावर चोळून फुंकले. मला ते दिसत होते, पण मी तेव्हा शिव्या देत देत वनखात्याच्या मुख्यालयापर्यंत पोचलो होतो आणि मध्ये थांबणं शक्य नव्हतं. मामाजी झाडाखाली येऊन बराच वेळ मान वर करून ऐकत राहिले. करुणा पारीवर उभी होती, डब्याचं झाकण हातात तसंच धरून.

"मोती," मामाजी म्हणाले, "तुले येईन काय असं?"

मोतीलालनं वर पाहिलं. पहिल्यांदाच तो हसत नव्हता. "नाही काका. येवढं मले नाही जमनार."

"हाव. पैसे मोजूनही असा रखवालदार भेटत नाही." मामाजी करुणाकडे वळले. "बाई, शेत तुहंच. कागद करून टाकू."

करुणानं पदर डोळ्याला लावला. मलाही गहिवरून यायला पाहिजे होतं. पण 'रखवालदार' हा शब्द कानात शिरला होता, आणि एवढे दिवस साठवलेला सगळा जाळ माझ्या घशात आला.

"मामाजी!" मी मचानावरून ओरडलो, "मी रखवालदार नाही! जवाई आहे मी या घरचा! जवाई!"

पलीकडच्या झुडपात काहीतरी खसपसलं आणि जंगलाकडे पळालं.

"पाह्यलं?" मामाजी मोतीलालला म्हणाले. मग मला हात दाखवून त्यांनी वरच बसायची खूण केली. "असाच आवाज राहू द्या, जवाईबापू. कापनी झाली की उतरवतो."